शेऱ्याचा रकाना

रात्रपाळी सुटते साडेसहाला.
उद्यमनगरच्या गल्लीत कानांत अजून भट्टीची घरघर
आणि बुटांत वाळू,
घाटाखालून ट्रकनं आलेली, कोकणची.
घराकडं जायला डावीकडं वळायचं असतं.
शनिवारी मी वळत नाही.

दस्तगीर मुजावरनं माझ्या सायकलच्या हँडलला
दुर्बिणीसाठी एक आकडा जोडून दिलाय.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला,
"काय दिसलं ते येऊन सांगायचं. तेवढंच भाडं."

म्हणून सांगतो.

कळंब्याच्या बांधावर घंटी वाजवायची नाही.
पायडलची करकर आदल्या दिवशीच मोडायची.
पायी गेलं की पाखरं उठतात.
सायकलवरचा माणूस त्यांना
अर्धाच माणूस वाटत असावा.

वही दूध संस्थेची, जुनी, कोरी राहिलेली.
लिटरच्या खाली मी पाखरांची नावं लिहितो,
फॅटच्या खाली आकडे.
शेऱ्याचा रकाना तसाच असतो.

हळदीकुंकू बदकं चौदा.
शेकाट्या सात, काटकुळ्या लाल पायांवर,
जणू पाय कुणाकडून उसने आणलेत
आणि परत द्यायची तारीख जवळ आलीय.
टिबुकली मोजू देत नाही.
पाच म्हणावं तर बुडी,
चार लिहावं तर सहावी वर.
चांदवे शंभरेक.
शंभरेक लिहिलं की दस्तगीर हसतो:
"नट मोजताना असं चालतंय होय?"

त्या शनिवारी
धुकं पाण्यावरून अजून उठलं नव्हतं.
पंपघराच्या कठड्यावर एकटाच बसलेला,
पांढरा, पंखांवर राख,
डोळ्यामागं काजळाचा ठिपका.

कुरव.

पुस्तकात त्याच्या चित्रामागं समुद्र असतो.
इथं मागं ऊस होता,
म्हशी धुणारा पोरगा होता
आणि त्याचं कुणाला तरी शिव्या देणं.

तेविसाव्या वर्षी मी एकदा निघालो होतो.
फुलेवाडी, बालिंगा, कळे,
भूक लागली तेव्हा भुईमुगाच्या शेंगा,
गगनबावड्यापर्यंत पोचलो पोटऱ्या फाटेस्तोवर.
घाटाच्या तोंडाशी उभा राहिलो.
खाली नुसतं पांढरं.
चहावाला म्हणाला, "कधी कधी संध्याकाळी
लांब काहीतरी चमकतंय बघा."
मागच्या ब्रेकचं रबर झिजलेलं.
सोमवारी पाळी.
चहा संपवला आणि सायकल वळवली.

तेव्हापासून ती बाजू माझ्याकडं ट्रकनंच येते.
मी तिला चाळतो, भिजवतो,
साच्यात ठोकून बसवतो,
वर उकळतं लोखंड ओततो.
थंड झालं की झटकून टाकतो.
सव्वीस वर्षं.

आणि हा, बिनब्रेकचा,
घाट चढून आलाय.
कुणी सांगितलं असेल त्याला, इथं पाणी आहे म्हणून?
का नुसताच चुकला?
चुकलेल्याच्या तोंडावर असते तसली घाई
त्याच्या तोंडावर नव्हती.
चोचीनं पंख विंचरत होता,
एसटीची वाट बघणारा माणूस
नख कुरतडतो तसा.

मी खाली बसलो. बूट काढला.
बांधावर वाळू झटकली, मूठभर सुद्धा नव्हती.
त्यानं एकदा मान वळवली.
बास.

दस्तगीर शटर वर करत होता.
"काय दिसलं?"
"कुरव. एक."
"कुठला म्हणायचा?"
"खालचा."
त्यानं वही घेतली, रकान्यांवरून बोट फिरवलं,
शेऱ्यापाशी थांबलं.
"हितं काय लिव्हत नाहीस?"
मी गप्प.

घाटाचं मी त्याला कधी बोललो नव्हतो. त्या दिवशीही नाही.
तरी त्यानं दुर्बीण आकड्यावरून काढून माझ्या हातात दिली,
सायकल उलटी केली,
मागचं चाक एकदा गरकन फिरवून
ब्रेकचं रबर अंगठ्यानं दाबलं.
"हे गावातल्या गावात ठीक हाय," म्हणाला,
आणि पाना शोधू लागला.

दारात एक शाळेचं पोरगं
हवा भरायला थांबलं होतं.